शिंपल्यांच्या डोंगरापुढचा मॅन्युएल

मराठी मध्यमवर्गीय घरातला कुठलाही जुना अल्बम उघडा. बारसे, मुंज, लग्न, शाळेचा वर्गफोटो यांच्या रांगेत एक फोटो हमखास सापडतो. समुद्राकाठी उभे असलेले तीन-चार वर्षांचे मूल. चड्डी भिजलेली, डोळे उन्हाने बारीक झालेले, हातात बादली किंवा शिंपला आणि मागे पांढरी पडलेली क्षितिजाची रेघ. कोपऱ्यात बहुधा फोटो काढणाऱ्या वडिलांची लांबट सावली. चौपाटी असो, अलिबाग असो की गणपतीपुळे, फोटो तोच. तो इतका सवयीचा झाला आहे की त्यालाही काही इतिहास असेल असे मनात येत नाही.

जुन्या छायाचित्रांचा नाद मला उशिरा लागला. शिक्षण दुसऱ्या विषयातले, नोकरी तिसऱ्याच क्षेत्रातली; त्यामुळे जे शिकलो ते ग्रंथालयांतून आणि आता घरबसल्या पाहता येतात त्या मोठ्या संग्रहांतून. तेवढ्या पाहण्यातून एक गोष्ट पक्की झाली. पाण्याकाठच्या मुलाचा फोटो जितका नैसर्गिक वाटतो तितका तो नाही. त्यासाठी आधी रसायनशास्त्र बदलावे लागले, मग कॅमेऱ्याची किंमत उतरावी लागली आणि तिसरी गोष्ट म्हणजे किनारा ही मुलांच्या खेळण्याची जागा आहे असे लोकांना वाटू लागावे लागले. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला तसे कधी वाटलेले नसते. त्याच्यासाठी ते शेत आहे. फोटोच्या इतिहासात या दोन्ही किनाऱ्यांची मुले आहेत. अल्बमात मात्र एकाच किनाऱ्याची आली.

आधी रसायनशास्त्र. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची तीस वर्षे जगभरचे छायाचित्रकार तिच्यावर चालले. काचेवर चिकट द्राव पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. हे सगळे साधारण दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे समुद्रावर फोटो काढायचा तर अंधाऱ्या खोलीचा तंबूच पुळणीवर न्यायला हवा. वाऱ्याने उडणारी वाळू ओल्या काचेवर बसली की प्लेट वाया. त्यात त्या काचा निळ्या प्रकाशाला फार हुळहुळ्या आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. आकाश आणि पाणी पांढरेफटक व्हायचे, उन्हाने रापलेला चेहरा काळवंडायचा. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७च्या सुमारास समुद्राची जी चित्रे घेतली त्यांनी बघणारे थक्क झाले, कारण लाट लाटेसारखी दिसत होती. त्यातल्या काही चित्रांसाठी त्याने आकाश एका काचेवर आणि समुद्र दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही एका कागदावर जोडले होते.

जिथे नुसता समुद्र इतका त्रास देतो तिथे समुद्रापुढे चार वर्षांचे पोर उभे करण्याचा विचार कोण करणार? पोर हलणार आणि हलले की चेहऱ्याच्या जागी धुके उमटणार. स्टुडिओत यावर उपाय होता. आईला चादरीखाली झाकून खुर्चीसारखे बसवायचे आणि तिच्या मांडीवर मूल घट्ट धरायला लावायचे. अशी ‘लपलेली आई’ असलेली चित्रे त्या काळातली शेकड्यांनी आहेत. उघड्यावर हा उपाय चालत नाही.

मुंबईही या अडचणीतून सुटली नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी माणसे तिच्यात होती; नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. याच संस्थेच्या उभारणीत असलेल्या विल्यम जॉन्सनने पुढे मुंबईतल्या जातीजमातींची छायाचित्रे दोन खंडांत छापली, पहिला खंड १८६३चा आणि दुसरा १८६६चा. ती पाहताना सुरुवातीला काहीतरी खटकते आणि मग लक्षात येते: माणसे एकीकडे बसवून घेतलेली आहेत आणि मागची मुंबई वेगळ्या निगेटिव्हवरून येऊन त्यांना चिकटली आहे. माणूस आणि त्याची जागा एका वेळी एका काचेवर धरणे इतके अवघड होते.

म्हणून पहिल्यांदा समुद्रच मुलाकडे आला. स्टुडिओतल्या पडद्यावर रंगवलेल्या लाटा, लाकडी होडीचे अर्धे टोक आणि अंगावर खलाशी-झगा. विंटरहाल्टर या चित्रकाराने १८४६ साली राणी व्हिक्टोरियाच्या पाच वर्षांच्या मुलाचे खलाशाच्या वेषात तैलचित्र केले आणि तो वेष सगळ्या युरोपातल्या सुखवस्तू मुलांच्या अंगावर चढला. आपल्याकडच्या जुन्या संस्थानी फोटोंतही पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांची ती कॉलर दिसते. तो राजपुत्र म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. त्याची गाठ आपल्याला लगेच पुन्हा पडणार आहे.

रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. चार्ल्स बेनेट याने १८७८ साली ती इतकी वेगवान करून दाखवली की सेकंदाचा लहानसा अंश पुरू लागला. आता तंबू नको, आणि मूल चादरीत धरायलाही नको. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या व्हिटबी या मच्छीमार गावात फ्रँक मेडो सटक्लिफ नावाचा स्टुडिओवाला होता. पोट भरायला तो सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढी आणि मन रमवायला बंदरावर जाई. १८८६ साली त्याने घेतलेले ‘वॉटर रॅट्स’ हे चित्र जगभर पोहोचले: बंदरातल्या संथ पाण्यात एक होडी, तिच्यात आणि तिच्याभोवती त्या काळच्या रीतीप्रमाणे उघड्यानेच डुंबणारी गावातली पोरे. गावच्या धर्मगुरूंनी आक्षेप घेतला. युवराजाने मात्र त्याची मोठी प्रत विकत घेतली. लहानपणी खलाशाचे सोंग घेऊन चित्रकारापुढे उभा राहिलेला हाच तो युवराज.

मला या चित्रात एक गोष्ट फार बोलकी वाटते. सटक्लिफचा कॅमेरा मोठा, लाकडी, तिवईवरचा. तो लपून काढलेला फोटो नव्हे. पोरांना माहीत आहे आणि कोणी कुठे असावे हेही ठरलेले आहे. सटक्लिफ याच गावात राहणारा, ही पोरे आणि त्यांचे बाप त्याला रोज दिसणारे. व्हिटबीच्या त्याच्या इतर चित्रांत कोळिणी आहेत, जाळी आहेत, धक्क्यावर बसलेली लहान मुले आहेत, आणि त्या मुलांच्या पायांजवळ टोपल्या आहेत. खेळ आणि काम तिथे अजून वेगळे झालेले नाहीत. आपल्याकडच्या कोळीवाड्यात सकाळी गेलात तर आजही तसेच दिसेल.

सहा वर्षांनी, १८९२ साली, पॉल मार्टिन नावाचा लंडनचा एक लाकूड-कोरक यार्माउथच्या पुळणीवर गेला. छापखान्यांसाठी लाकडावर चित्रे कोरणे हा त्याचा धंदा, आणि तो फोटोच्या छपाईमुळे बुडत चाललेला. म्हणजे ज्या यंत्राने पोटावर पाय आणला तेच त्याने हाती धरले. त्याचा ‘फसील’ नावाचा कॅमेरा कागदात गुंडाळलेल्या पार्सलासारखा काखेत धरता येई. घोटाभर पाण्यात स्कर्ट सावरून उभ्या मुली, आईच्या मागे धावणारी पोरे, वाळूत पालथी पडलेली तरुण जोडपी त्याने कोणालाही न विचारता टिपली. ती चित्रे आजही जिवंत वाटतात. पण सटक्लिफच्या वेळी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या पोराला जे माहीत होते ते मार्टिनच्या पोराला माहीत नव्हते, आणि तिथून पुढे हे असेच चालत आले.

कोडॅकची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक १८८८चा: पंचवीस डॉलर, आत शंभर फोटोंची फिल्म, संपली की कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा आणि दहा डॉलर भरून धुलाईसह परत घ्यायचा. १९०० साली आलेला ब्राउनी एका डॉलरचा, फिल्म पंधरा सेंटची. तो मुलांसाठीच काढलेला होता आणि पहिल्या वर्षीच लाखाच्या घरात खपला. कंपनीच्या जाहिरातींत पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली एक तरुणी दिसू लागली, बऱ्याचदा समुद्राकाठी. सुट्टी आणि कॅमेरा यांची गाठ तिथे पक्की झाली. कॅमेऱ्याविना सुट्टी फुकट, असेच त्या जाहिराती सांगत. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढा ही सूचनाही त्याच पुस्तिकांतली. आपल्या अल्बमांतली मुले डोळे बारीक करून का उभी असतात आणि कोपऱ्यात बाबांची सावली का येते, त्याचे उत्तर या एका सूचनेत आहे. आपल्याकडे हे सगळे साठ-सत्तर वर्षे उशिरा, आगफाच्या क्लिक-३ मधून आले. बारा फोटोंचा रोल, त्यातले दोन समुद्राचे.

इथवरची गोष्ट मोठी गोड आहे. आता दुसरा किनारा.

ब्राउनी बाजारात येऊन अकरा वर्षे झाली होती. फेब्रुवारी १९११मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताकाठी मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावी लुइस हाइन नावाचा छत्तीस वर्षांचा माणूस उतरला. जन्म विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशचा, पूर्वी न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिक्षक. शाळेच्या कामासाठी म्हणून कॅमेरा हाती घेतला आणि तो मग सुटला नाही. एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांचे फोटो त्याने आधी काढले. १९०८पासून तो राष्ट्रीय बालमजूर समितीच्या पगारावर होता. समिती १९०४ साली स्थापन झालेली. गिरण्या, खाणी, काचकारखाने, शेते इथे राबणाऱ्या मुलांची माहिती गोळा करणे आणि कायद्यासाठी लोकमत उभे करणे हे तिचे काम. तिच्यासाठी हाइनने काढलेली पाच हजारांवर छायाचित्रे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

बिलॉक्सीला कालवं आणि कोलंबी डबाबंद करण्याचे कारखाने होते. (कोकणात ‘कालवं’ म्हणतात तीच, खडकाला चिकटून वाढणारी, पाटबंधाऱ्याचे कालवे मनात येऊ नयेत म्हणून अनुस्वार राखतो.) या कारखान्यांची रचना मराठी वाचकाला समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. कारखानदाराचा मुकादम हजार मैलांवरच्या बाल्टिमोर शहरी जाई, तिथल्या गरीब पोलिश वस्त्यांतून अख्खी कुटुंबे गोळा करी आणि हंगामापुरती आखाताच्या काठी आणून टाकी. राहायला कंपनीच्याच खोपटांची रांग. हंगाम संपला की परत उत्तरेला, तिथे फळे-भाज्यांच्या कामावर. मजुरी नगावर. आपल्या ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यांसमोर आणा. कोयत्याच्या जागी कालवं फोडायची सुरी, फडाच्या जागी समुद्रकाठची शेड. नगावर मजुरी असली की एक गोष्ट आपोआप होते. हाताला हात लागतो आणि हात कितीही लहान असला तरी चालतो.

वाफवलेली कालवं रुळांवरच्या लोखंडी गाड्यांतून शेडमध्ये येत. गाडीच्या दोन्ही बाजूंना बाया आणि मुले उभी राहात, शिंपला उघडून मांस भांड्यात टाकत, टरफल पायाशी. दिवस पहाटे तीनला सुरू होई. शिंपल्यांच्या कडांनी बोटे कापली जात. कोलंबीचे दिवस त्याहून वाईट, कारण तिच्या डोक्यातला रस कातडी खातो. सोलणारे तुरटीच्या पाण्यात हात बुडवून ते बरे करू पाहात. बाजारातून आणलेली किलोभर कोलंबी ज्यांनी घरी सोलली आहे त्यांना बोटांची ती चुरचुर माहीत असेल. ती चौदा तासांनी गुणावी.

हाइनने इथे मॅन्युएलचा फोटो काढला. वय पाच. समोरून घेतलेले, साधे, सरळ चित्र. अंगावर मळके कपडे, दोन्ही हातांत कोलंबीची भांडी. आणि मागे, चौकट भरून, रिकाम्या शिंपल्यांचा डोंगर. मला वाटते हाइनने कॅमेरा मुद्दाम मुलाच्या उंचीवर आणला. मोठ्या माणसाच्या नजरेतून तो ढीग एवढा उंच वाटला नसता. मॅन्युएलच्या नजरेतून तो डोंगरच आहे. चित्राखालच्या टिपेत हाइनने चार गोष्टी लिहिल्या: नाव, वय, मुलाने गेल्या वर्षीही काम केले आहे ही माहिती, आणि त्याला इंग्रजीचा एक शब्दही कळत नाही हे. मागचे शिंपले हे बालमजुरीचे शिंपले आहेत, असेही त्याने तिथेच नोंदले.

गेल्या वर्षी म्हणजे चार वर्षांचा असताना. हे वाचताना अतिशयोक्ती वाटते. पण पुढच्याच महिन्यात लुइझियानातल्या एका कारखान्यात घेतलेल्या चित्रांच्या टिपा त्याला दुजोरा देतात. तिथे चार वर्षांची एक मुलगी दिवसाला दोन भांडी कालवं फोडते आणि उरलेल्या वेळात तान्ह्याला सांभाळते. तिची आई त्या शेडमधली सर्वांत चपळ हाताची, दिवसाला दीड डॉलर मिळवणारी, तीही कधी कधी आजारी बाळ कडेवर घेऊन. पुढच्या वर्षी ही पोरगी इतरांसारखी पूर्ण वेळ उभी राहील असे मुकादम सांगतो. दुसऱ्या टिपेत आठ वर्षांची मुलगी पहाटे तीन ते संध्याकाळी पाच कामावर आहे, आणि तिच्याजवळचे तान्हे सुरी धरता आली की लगेच कामाला लागणार आहे. टिपांमध्ये विशेषण शोधावे लागते. माझ्या मते हाइन छायाचित्रकार म्हणून जितका मोठा तितकाच टिपणकार म्हणून.

ऑगस्टमध्ये तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेन राज्यातल्या ईस्टपोर्टला होता. तिथे सार्डिन मासे डबाबंद होत. मासळीच्या होड्या आल्या की भोंगा वाजे आणि वेळ कुठलीही असो, मुले धावत सुटत. हातात मोठ्या माणसाची सुरी, खाली निसरडी जमीन. नऊ वर्षांचा एक मुलगा हाइनला सांगतो की आपला हात काही फार चालत नाही, दिवसाला पाचेक पेट्या होतात, पेटीला पाच सेंट मिळतात. कापलेला अंगठा दाखवत उभी असलेली मुले याच मालिकेत आहेत. पेटीला पाच सेंट, दिवसाला पाच पेट्या. ब्राउनी घ्यायला त्या मुलाला चार दिवस मासे कापावे लागले असते आणि फिल्मसाठी आणखी एक दिवस. हा हिशेब माझा, हाइनचा नव्हे.

हाइन आत शिरे कसा? अनेकदा खोटे बोलून. कधी यंत्रांचे फोटो काढणारा, कधी आगीच्या बंदोबस्ताचा तपासनीस, कधी बायबल किंवा पोस्टकार्डे विकणारा. कोटाच्या कितव्या गुंडीपर्यंत मुलाचे डोके येते ते पाहून तो उंची मोजी आणि खिशातल्या हाताने आतल्या आतच नोंद करी. फोटो खोटे ठरवले जातील हे त्याला माहीत होते. १९०९च्या एका भाषणात त्याने स्वतःच बजावले होते की छायाचित्र खोटे बोलत नसेल, पण खोटे बोलणारे छायाचित्र काढू शकतात. म्हणून नाव, वय, तारीख, वेळ, मजुरी, जागा यांचा हट्ट.

मात्र एका प्रश्नाला बगल देता येत नाही. मॅन्युएलला विचारले कोणी? ज्याला भाषाच कळत नाही त्या पाच वर्षांच्या पोराला हा पाहुणा आपला फोटो का काढतो आहे, तो कुठे टांगला जाणार आहे हे समजणे शक्य नव्हते. मार्टिनने यार्माउथला मुलांना विचारले नाही आणि हाइननेही मॅन्युएलला त्याच्या भाषेत विचारले नाही. समितीने ही चित्रे भित्तिफलकांवर, नियतकालिकांत, व्याख्यानांच्या काचचित्रांत वापरली. मॅन्युएलचा चेहरा हजारो अनोळखी माणसांनी पाहिला. मी दोघांना एका तागडीत घालणार नाही. हाइनकडे कारण होते आणि त्या कारणासाठी त्याने मारही खाल्ला असता. तरी मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याच्या हाती दोन्हीकडे काहीच आले नाही. हातात होती ती दोन भांडी, आणि फोटो झाल्यावर ती घेऊन तो पुन्हा शेडमध्ये गेला असणार.

कायद्याला वेळ लागला. १९१२मध्ये संघराज्याचा बालक विभाग स्थापन झाला. १९१६च्या कीटिंग-ओवेन कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांनी कारखान्यांत आणि कॅनऱ्यांत बनवलेला माल राज्याबाहेर पाठवण्यास बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने तो १९१८ साली रद्द केला. मग करामार्फत प्रयत्न झाला, तोही १९२२मध्ये रद्द. टिकला तो १९३८चा कायदा. मॅन्युएल जगला-वाचला असेल तर तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

या सगळ्या काळात कॅनरीवाल्यांचे मुख्य म्हणणे एकच होते: मुले नोकरीवर नाहीतच, ती आईच्या मदतीला येतात. माल नासका, हंगाम लहान, घरी सांभाळायला कोणी नाही, आईजवळ असलेली बरी. यातला प्रत्येक शब्द खरा होता, म्हणूनच तो युक्तिवाद खोडायला इतका कठीण गेला. आपल्याकडे १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत बंदी आली. अपवाद ठेवला तो कुटुंबाच्या व्यवसायात शाळेनंतर आणि सुट्टीत मदत करण्याचा, धोक्याची कामे वगळून. घरचा धंदा मुलांनी शिकू नये असे मी म्हणणार नाही. कोळ्याच्या पोराने जाळे विणायला पुस्तकातून शिकावे काय? पण बिलॉक्सीची ती टिपणे वाचल्यापासून ‘आईच्या मदतीला’ हे दोन शब्द कुठेही दिसले की मी थांबतो.

हाइनच्या टिपांचे महत्त्व नावांमुळेही आहे. मार्टिन मुन्काची या हंगेरियन वृत्तछायाचित्रकाराने १९३०च्या सुमारास टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणारी तीन आफ्रिकन मुले पाठमोरी टिपली. त्या एका चित्राने आपल्याला कॅमेरा घेऊन रस्त्यावर पाठवले असे आँरी कार्तिए-ब्रेसाँ पुढे सांगत असे. चित्र अप्रतिम आहे, त्यातला आनंद खरा आहे. पण त्याच्या शीर्षकात मुलांची संख्या आहे आणि सरोवराचे नाव आहे. मुलांची नावे नाहीत.

हाइनने नावे लिहिली, म्हणून शंभर वर्षांनी एक वेगळेच काम होऊ शकले. मॅसॅच्युसेट्समधला जो मॅनिंग हा सामाजिक कार्यातून निवृत्त झालेला माणूस. कापडगिरणीतल्या एका मुलीचे पुढे काय झाले ते शोधून द्याल का, असे एलिझाबेथ विंथ्रॉप या लेखिकेने त्याला २००५ साली विचारले. ती मुलगी त्याने शोधली आणि मग तो थांबलाच नाही. जनगणनेच्या याद्या, मृत्यूनोंदी, टेलिफोनची पुस्तके चाळत त्याने हाइनच्या शेकडो मुलांचा माग काढला, त्यांच्या मुला-नातवंडांना फोन केले. बहुतेकांनी आपल्या आजीचा किंवा आजोबांचा तो फोटो कधी पाहिलेलाच नव्हता. काहींकडे तर त्यांच्या बालपणीचे दुसरे एकही चित्र नव्हते. मॅनिंगमुळे काही घरांत ते चित्र सरकारी संग्रहातून निघून भिंतीवर आले, कौटुंबिक फोटो झाले. विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या माणसाने केलेले हे संशोधन आहे, हे जाता जाता नोंदवतो. त्यात थोडा स्वार्थ आहे.

हाइनचे शेवटचे दिवस हलाखीचे गेले. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या पोलादी तुळयांवर चढून त्याने १९३०-३१मध्ये काढलेली चित्रे गाजली, पण पुढे कामे मिळेनाशी झाली आणि राहते घरही गेले. १९४०च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला. त्याच्याजवळच्या प्रिंट आणि निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या ‘फोटो लीग’ या छायाचित्रकारांच्या मंडळाकडे गेल्या. ते मंडळ १९५१ साली बंद पडले. मग तो संग्रह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला देऊ केला गेला. त्यांनी तो नाकारला. अखेर तो घेतला रॉचेस्टरच्या एका छायाचित्र-संग्रहालयाने. ते संग्रहालय ज्या वाड्यात आहे तो जॉर्ज ईस्टमनचा. लुइस हाइनचे गठ्ठे आणि कोडॅकचे जुने ब्राउनी आज त्याच आवारात जपून ठेवलेले आहेत.